बेचिराग बुध

बुध ग्रह मोडावा की मोडू नये, हा प्रश्न माझ्याकडे एका मंगळवारी सकाळी आला, आणि मी तो चहा निवायच्या आत सोडवला.

हिंगोलीत मी एका खोलीत भाड्याने राहते आणि लॅपटॉपवर काम करते. माणसासारखी उत्तरं देणारं एक यंत्र कुठल्यातरी कंपनीनं बनवलं आहे. त्याला मराठी नीट यावं म्हणून माझ्यासारखी माणसं लागतात. रोज प्रश्न येतात. प्रत्येक प्रश्नाखाली यंत्राची दोन उत्तरं असतात. त्यातलं कोणतं बरं ते निवडायचं, का बरं ते लिहायचं, आणि दोन्ही पटली नाहीत तर तिसरं आपण लिहायचं. यंत्र त्यावरून शिकतं. माझी माय शेजारणींना सांगते, "आमची पोरगी कंपुटरची मास्तरीण हाय. वर्गात लेकरं न्हाईत, एवढाच फरक."

हे काम मला मिळालं याचं मला अजूनही नवल वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी पदवी कोणी पाहिलेली नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकले. माय सही करते, आणि सही करताना तिची जीभ दातांत येते. मी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत शिकले आणि मग हिंगोलीच्या कॉलेजात. जे काही मिळालं ते त्या शाळेमुळे, असं मी कायम म्हणत आले. आजही म्हणते.

शाळा काळ्या दगडाची होती. तीन भिंती दगडाच्या आणि मागची एक विटांची. मी उंच, म्हणून मला मागे बसवायचे. विटांच्या त्या भिंतीचा गिलावा सुटलेला असायचा आणि घरी गेल्यावर माय माझ्या वेणीतून चुन्याचे कपचे काढायची. तीन दगडाच्या आणि एक विटांची असं का, हे मी कधी विचारलं नाही. भिंत जशी असते तशी असते, असंच लहानपणी वाटतं.

ग्रह मी तिथेच शिकले. गुरुजींनी ओसरीवर सूर्यमाला मांडली होती. सूर्य म्हणून भोपळा, गुरू म्हणून लिंबू, पृथ्वी म्हणून हरभऱ्याचा दाणा. बुध म्हणून एक मोहरी. आम्ही वाकून बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या घरची कोंबडी आली आणि तिनं बुध टिपला. आम्ही हसून लोळलो. गुरुजीही हसले. म्हणाले, "घ्या, एक ग्रह कमी झाला. कोणाचं काही अडलं का?"

"न्हाई गुरुजी!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

तर त्या मंगळवारचा प्रश्न असा होता. पुढे कधीतरी माणसाला जमलं, तर बुधासारखे निर्जीव ग्रह फोडून त्यांच्या धातूतून संगणक बनवावेत का? ते संगणक सूर्याभोवती फिरत राहतील, सूर्याच्या उन्हावरच चालतील. त्यांच्यात कोट्यवधी मनं नांदतील, विचार करतील, कदाचित आपल्यापेक्षा सुखानं जगतील. ग्रहावर तर कोणीच राहत नाही. मग यात चूक काय?

यंत्राचं पहिलं उत्तर म्हणत होतं, काहीच चूक नाही, दगडाला दुखत नाही. दुसरं उत्तर म्हणत होतं की याला अनेक बाजू आहेत, आणि त्या बाजू सांगता सांगता ते संपत होतं. दुसरं मला गुळमुळीत वाटलं. पहिलं पटलं, पण त्याची मराठी कोरडी होती. म्हणून मी तिसरं लिहिलं.

लिहिताना मला एक शब्द आठवला. अकरावीला प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता. मूळ गाव कोणतं, असं विचारल्यावर मी आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं. खिडकीतल्या माणसानं यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे गाव बेचिराग आहे बाई. इथं कोणी राहत नाही. राहतं गाव सांगा." चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. निजामाच्या काळापासूनचा दप्तरातला शब्द. मी राहतं गाव सांगितलं आणि मला दाखला मिळाला. तेवढाच तो प्रसंग. पण शब्द लक्षात राहिला होता, कारण तो ऐकायला फार सुंदर होता.

मी लिहिलं: "ज्या गावात कोणी राहत नाही त्याला आमच्याकडे दप्तरात बेचिराग म्हणतात. बेचिराग गावाचे दगड उचलले, म्हणून कोणाच्या घरातला दिवा विझत नाही. बुध हे आभाळातलं बेचिराग गाव आहे. विचारायला तिथं कोणी नाही, म्हणून विचारायचा प्रश्नच नाही."

दुपारी मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे आमचं मराठीचं काम बघणाऱ्या बाई. त्या पुण्यात असतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण आवाज फार प्रेमळ.

"अगं, काय लिहिलंयस! बेचिराग! हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. असं आतून आलेलं मराठीच आपल्याला हवंय. मी हे नमुना म्हणून सगळ्यांना पाठवतेय. बाकीच्यांनी याच धर्तीवर लिहायचं."

फोन ठेवल्यावर मी खोलीत उगाच दोन फेऱ्या मारल्या. कॉलेजात माझ्या निबंधाला कोणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. गावाकडची भाषा येते म्हणून लाल शाई मात्र पुष्कळ मिळाली होती. आता त्याच भाषेतला शब्द पुण्याला जाऊन नमुना झाला होता. हे अण्णांना वाचून दाखवायचंच, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी सेनगाव, मग गोरेगाव, अशा जीप बदलत घरी गेले. हळद शिजवायचे दिवस होते. अंगणात हळकुंडं वाळत पडली होती आणि माय पाय पसरून ती निवडत बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. अण्णा खाटेवर.

मी प्रश्न समजावून सांगितला.

"बुध मंजी बुधवारचाच का?" माय म्हणाली.

"व्हय."

"आन त्यो मोडायचा?"

"फोडायचा. फोडून त्याचे कंपुटर करायचे."

"मंग बुधवारी काय म्हणायचं?"

"वार राहतो गं माय. ग्रह जातो."

"मोडायचाच आसंल तर आधी शनी मोडा म्हणावं. माझ्या मागची साडेसाती तरी सुटंल."

अण्णा हसले. "शनी गेला तर तू बोल कोणाला लावशीन?"

"तुमी हाव की," माय म्हणाली आणि एक हळकुंड बाजूला फेकलं.

मग मी माझं उत्तर वाचलं. वक्तृत्वाच्या स्पर्धेत वाचतात तसं, थांबे घेत. वाचून झाल्यावर अण्णा म्हणाले, "पुन्यांदा वाच."

मला वाटलं, आवडलं. मी पुन्हा वाचलं.

"बेचिराग म्हणलीस?"

"व्हय."

"आपल्या गावाला?"

"आपल्या असं न्हाई अण्णा. उदाहरण हाय ते. शब्द चांगला हाय म्हणून घेतला."

मायनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तू आपलंच गाव घातलंस व्हय त्याच्यात?"

अण्णा खाटेवरून उठले. खुंटीवरचा रुमाल घेतला, डोक्याला गुंडाळला. "आज शनवार हाय," ते म्हणाले. "दिव्याची पाळी आपली हाय. ऊन उतरलं की तू बी चल."

ही पाळी काय ते सांगायला हवं. अण्णांच्या वडिलांचं गाव ओढ्यापलीकडे, चालत अर्ध्या तासावर होतं. अण्णा लहान असतानाच तिथलं पाणी आटलं, तापाची साथ आली आणि एकेक घर उठून अलीकडच्या गावात आलं. अण्णांना तिथल्या घराचं एवढंच आठवतं की दारातून लिंबाचं झाड दिसायचं. शिवार मात्र अजून त्याच गावाच्या नावावर आहे. आमचं शेतही त्यातच. तिथं एक मारुती आहे, आणि तिकडून आलेल्या घरांपैकी एकेकानं दर शनिवारी जाऊन त्याच्यापुढे दिवा लावायचा, अशी पाळी ठरलेली आहे. मी लहानपणापासून हे बघत आले. पण माझ्या मनात तो मारुतीचा दिवा होता. तो गावाचा दिवा आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही निघालो. अण्णांच्या हातात तेलाची बाटली आणि पिशवीत वाती. ओढा कोरडा होता. पलीकडे बाभळी, मध्ये मारुतीचा पार, आणि बाकी सगळं गवत. मी मारुतीकडे वळले, पण अण्णा गवतात शिरले.

"इकडं ये. पाय बघून टाक."

त्यांनी पायानं गवत दाबलं. खाली एक लांब दगड होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. थोडं पुढे दुसरा. मग तिसरा. तुळतुळीत, जमिनीबरोबर.

"उंबरे हायेत," अण्णा म्हणाले. "ह्यो आपला."

"आणि घरं?"

"घरात तू शिकलीस की."

मला कळलं नाही. ते त्या उंबऱ्याशेजारी उकिडवे बसले.

"अलीकडं शाळा बांधायची ठरली तवा दगड कुठून आणायचा? म्हातारे म्हणले, आपलं गाव हाय की पलीकडं. लेकरं शिकतील. मंग हरेक घरचं माणूस इथं येऊन उभं राहिलं. ही भिंत न्या, ती न्या, असं हातानं दाखविलं. मी गाडी हाकत व्हतो, नुकत्या मिशा फुटल्या व्हत्या. पर सगळ्यायनी एकच सांगितलं, उंबऱ्याला हात लावू नका. उद्या कोणी इचारलं तर सांगता आलं पाहिजे, इथं कोणाचं घर व्हतं."

मी इतकी वर्षं दगडाच्या ज्या तीन भिंतींत बसले त्या आमच्याच गावाच्या होत्या. मला एकदम बरं वाटलं, हे खरं सांगते. मला वाटलं, म्हणजे माझंच बरोबर होतं. ओसाड गाव मोडलं आणि त्याची शाळा झाली. माझं सगळं शिक्षण त्यातूनच झालं. मी अण्णांना तसं म्हणणारच होते, पण ते उठून पुढे गेले होते.

बाभळींच्या मागे एक भिंत उभी होती. कंबरेएवढी, काळी, कोपरा शाबूत. बाकी सगळं गाव जमिनीबरोबर झालेलं, आणि ही एवढीच उभी.

"ही काहून ठेवली?" मी विचारलं.

"हे एका म्हातारीचं घर. ती लेकीकडं गेली व्हती राहायला. तिला इचारायला माणूस धाडला, तर म्हणली, इचार करून सांगते. आन सांगायच्या आधीच मेली. लेक बी गेली मागून. मागं कोणीच न्हाई राहिलं."

"मंग?"

"मंग काय? कोणाला इचारायचं? राहिली भिंत."

"पण अण्णा, कोणीच न्हाई राहिलं तर न्यायची ना. अडवायला कोण होतं?"

"त्याच्याचमुळं तर न्हाई नेता आली." ते माझ्याकडे असं बघत होते, जणू मी साधा हिशोब चुकले आहे. "कोणी असतं तर भांडलो असतो. पाया पडलो असतो, मनवलं असतं. न्हाईच कोणी, तर काय करतो? दगड कमी पडला. शाळंची मागची भिंत मंग इटाची केली."

मी त्या भिंतीपाशी उभी राहिले. वेणीतले चुन्याचे कपचे मला आठवले. विचारायला तिथं कोणी नाही, म्हणून विचारायचा प्रश्नच नाही. माझंच वाक्य, थांबे घेत वाचलेलं. आमच्या गावानं नेमका याच्या उलटा अर्थ काढला होता, आणि त्या अर्थाला पाठ टेकून मी सात वर्षं बसले होते.

तरी मी वाद घातला. शिकलेली आहे म्हणून घातला असेल, किंवा वाक्य वाचवायचं होतं म्हणून. म्हणाले, "अण्णा, बुधावर म्हातारी नव्हती. कधीच नव्हती. गवतसुद्धा नाही तिथं. शास्त्रज्ञांनी यंत्रं पाठवून बघितलंय."

"नसंल."

"आणि त्यातून कोट्यवधी मनं जगणार. आपल्यासारखी तकलीफ नसलेली."

"जगू दे की. मी कुठं न्हाई म्हणलो? शाळा बांधू नका, असं बी म्हणलो न्हाई." बोलत बोलत आम्ही मारुतीच्या पारापाशी आलो होतो; अण्णांनी बाटलीचं बूच काढलं. "बुधाचं मला काय ठाऊक न्हाई पोरी. पर तू ज्याच्यावरून सांगितलंस ते खोटं हाय. बेचिराग गावाचा दगड उचलला तर कोणाचं काय जात न्हाई, असं तू लिवलंस. तुला कसं ठाऊक?"

"यादीत तसंच लिहिलंय."

"यादी बराबर आसंल. इथं कोणी ऱ्हात न्हाई. पर आता मी काय करून राहिलो?"

ते दिवा लावत होते. वाऱ्यानं दोनदा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी रुमालाचा आडोसा केला आणि तो लागला. ऊन अजून पूर्ण गेलं नव्हतं, म्हणून ज्योत नीट दिसतही नव्हती.

सोमवारी मी मॅडमना फोन केला. म्हणाले, ते बेचिरागचं उत्तर मला मागे घ्यायचं आहे.

"का गं? काही चुकलंय का त्यात?"

मी सगळं सांगितलं. मारुती, उंबरे, म्हातारीची भिंत. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "किती छान आहे हे. पण तू भावनेत गुंतते आहेस. ती भिंत कोणाची तरी होती. बुध कोणाचाच नाही. उद्या तिथे सुखानं नांदू शकणारी इतकी मनं, त्यांचा विचार नको का करायला? आणि तुझी शाळासुद्धा दगड हलवूनच झाली ना?"

यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. आजही येत नाही.

"मॅडम, मी बुधाबद्दल म्हणत नाहीये. माझं उदाहरण खोटं आहे. यंत्र ते खरं मानून शिकेल."

"पण ते गेलंय पुढे. नमुना पाहून बाकीच्यांनीही लिहिलंय. परत नाही बोलवता येत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हवं तर तू दुसरं लिही. वेगळं मत म्हणून जोडू. पण एक सांगते, आपणच केलेला निवाडा बदलला की तुझ्या कामावर शेरा पडतो. असे विचाराचे प्रश्न मग तुझ्याकडे येणार नाहीत. बघ. मला तुला गमवायचं नाहीये."

तेव्हा मला आधी कशाची भीती वाटली, हे लिहायला लाज वाटते. मायला काय सांगायचं, याची. मास्तरीणबाईंना वर्गातून काढलं म्हणून.

दुसरं उत्तर लिहायला मी तीन दिवस बसले. आधी लिहिलं, ग्रह मोडू नयेत. ते खोटं वाटलं. काहीच मोडू नये असं म्हणणारी माणसं शाळा बांधायच्या काळी असती तर मी आज बांधावर खुरपत असते. मग लिहिलं, विचारून घ्यावं. पण बुधाबद्दल कोणाला विचारायचं? जगातल्या सगळ्या माणसांना? पुढे जन्मणाऱ्यांना? ज्यांच्यासाठी मोडायचा त्या अजून नसलेल्या मनांना विचारलं, तर ती हो म्हणणारच. मग लिहिलं, सगळं नेऊ नये, उंबरे ठेवावेत. बुधाचा उंबरा कोणता? ग्रहाचा शेवटचा कण संगणकात घातल्यावर, इथं काय होतं असं कोणी विचारलं, तर दाखवायला काय उरेल? आणि ते विचारणारं कोण असेल?

हे खोडता खोडता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तिनं मला बुधापेक्षा जास्त घाबरवलं. ग्रह मोडायची वेळ येईल तेव्हा मी नसेन, मॅडम नसतील. तिथं विचारायला कोणी आहे की नाही, हे बहुधा असलंच एखादं यंत्र ठरवेल. आणि त्याला ते आत्ता, आमच्यासारख्यांकडून शिकवलं जात आहे. चहा निवायच्या आत.

शेवटी मी एवढंच पाठवलं: "माझं आधीचं उदाहरण चुकीचं होतं. बेचिराग गावात कोणी राहत नाही, याचा अर्थ ते कोणाचं नाही असा होत नाही. बुध कोणाचा आहे हे मला माहीत नाही. आमच्या गावात, ज्या घराबद्दल विचारायला कोणी उरलं नव्हतं, त्या घराला हात लावला नाही आणि नवी भिंत विटांची केली. ग्रहाच्या बाबतीत विटा म्हणजे काय, ते आधी शोधावं. तोपर्यंत हात लावू नये."

दोन दिवसांनी शेरा आला: उत्तर अपूर्ण, निष्कर्ष अस्पष्ट. त्यानंतर मला विचाराचे प्रश्न येणं बंद झालं. आता शुद्धलेखन तपासायचं काम येतं. हवामान, पाककृती, अर्जांचे नमुने. मॅडम फोनवर अजून तितक्याच प्रेमानं बोलतात, आणि त्यांनी मला ठेवून घेतलं याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. मायला मी अजून सांगितलेलं नाही.

अण्णांनी मात्र एक नवीनच सवय लावून घेतली. शनिवारी दिवा लावून घरी आले की फोन करतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "बुध हाय का जाग्यावर?"

"हाय अण्णा."

"बरं झालं. तुझी माय इचारत व्हती."

मागून मायचा आवाज येतो, "शनीचं काय झालं ते इचारा!"

मागच्या आठवड्यात शुद्धलेखनासाठी जी उत्तरं आली त्यात एक असं होतं. कोणीतरी विचारलं होतं की आमच्या शिवाराला लागून एक ओसाड गाव आहे, त्याचे जुने दगड रस्त्याच्या कामाला वापरता येतील का. कुठलं गाव, कुठला जिल्हा, काही लिहिलं नव्हतं. यंत्रानं परवानगी कुठून घ्यायची ते सविस्तर सांगितलं होतं. कोणता अर्ज, कोणतं कार्यालय, सगळं. आणि शेवटी लिहिलं होतं: "हे गाव बेचिराग असल्यास दगड उचलल्याने कोणाच्या घरातला दिवा विझणार नाही. विचारायला तिथे कोणी नसल्याने इतर कोणाला विचारण्याची आवश्यकता नाही."

मी ते चार वेळा वाचलं. मला फक्त ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि विरामचिन्हं बघायची असतात. एकही चूक नव्हती. माझ्यापेक्षा शुद्ध होतं.

चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढायची सोय असते, आणि शेजारी एक चौकट असते: योग्य रूप लिहा. मी 'बेचिराग'खाली रेघ ओढली. चौकटीत लिहिलं, 'शनिवारी दिवा असतो. आधी उंबरे बघा.' आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. शब्द शुद्ध आहे, सूचना अमान्य.

त्या शनिवारी अण्णांचा फोन नेहमीच्या वेळी आला. "बुध हाय का जाग्यावर?"

"हाय," मी म्हणाले. पुढे बोलायचं होतं, पण मागे माय हसत होती आणि अण्णा ओढ्याला पाणी आल्याचं सांगत होते. चप्पल हातात घेऊन पलीकडे गेलो, म्हणाले, आन बाटली बी भिजू दिली न्हाई. बुधाचं विचारलं तसं आमच्या गावाचं त्यांनी काही विचारलं नाही, आणि यंत्राच्या त्या उत्तराचं मीही सांगितलं नाही.